सेसिलिया पेन : ताऱ्यांची हजेरी घेणारी शास्त्रज्ञ

हिवाळ्यात रात्री गच्चीवरून कृत्तिकेचा पुंजका पाहिलाय का? निळसर, खूप तापलेले आणि वयाने लहान तारे. लहान म्हणजे सुमारे १० कोटी वर्षांचे! एकाच वायूच्या ढगातून जन्मलेली ही भावंडं. पण ती कशाची बनली आहेत, हे तिथे न जाता कसं कळतं? ती वाट दाखवणाऱ्या सेसिलिया पेन यांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधील वेंडोव्हर येथे झाला. चार वर्षांच्या असतानाच वडील गेले. पुढे केंब्रिजमध्ये शिकताना त्यांनी एडिंग्टन यांचं सूर्यग्रहणावरचं व्याख्यान ऐकलं आणि खोलीवर येऊन जवळजवळ सगळं आठवून लिहून काढलं. शिक्षण पूर्ण झालं, पदवी मात्र नाही. केंब्रिज तेव्हा मुलींना पदवीच देत नसे. १९२३ मध्ये त्या अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत गेल्या.

तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रं काचांवर घेतलेली होती. वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखतात. सूर्यात लोखंडाच्या रेषा भरपूर, म्हणून तिथे लोखंडही भरपूर, असं तेव्हा वाटायचं. पण आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्ये दाखवलं होतं, की रेषा ठळक की फिकी हे तापमानावरही ठरतं. फार तापलं की अणूतले इलेक्ट्रॉन निसटतात; मग मूलद्रव्य असूनही त्याची रेषा फिकी पडते. हजेरीला ओ न देणाऱ्या मुलाला आपण गैरहजर धरतो ना, तसंच!

पेन यांनी साहांचं समीकरण वापरून हिशोब केला. मातीत सापडणाऱ्या बहुतेक मूलद्रव्यांचं आपसातलं प्रमाण पृथ्वीसारखंच निघालं; हायड्रोजन मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी लाख पटींनी जास्त आणि त्याखालोखाल हेलियम.

नामवंत शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना हे अशक्य वाटलं. पेन जेमतेम पंचविशीतल्या. १९२५ च्या प्रबंधात त्यांनी स्वतःचेच ते आकडे बहुधा खरे नसावेत, असं लिहून टाकलं. परीक्षेत बरोबर आलेलं उत्तर घाबरून खोडलेल्या मुलांना ही बोच चांगली कळेल. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या मार्गाने त्याच उत्तरावर आले. त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला, तरी श्रेय बराच काळ त्यांच्याच नावावर राहिलं.

हार्वर्डमध्ये पेन वर्षानुवर्षं शिकवत होत्या. प्राध्यापकपद आणि खगोलशास्त्र विभागाचं प्रमुखपद मिळालं ते १९५६ मध्ये. ७ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचं तारे आणि तारकापुंजांवरचं पुस्तक निघालं होतं. पुंजक्यातल्या तापलेल्या ताऱ्यात ऑक्सिजन किंवा सिलिकॉन किती, हे आजही नुसती रेषा पाहून ठरवत नाहीत. सोबत तापमान काढावंच लागतं.