पेशीसंवर्धनाचा पाया घालणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

निपाणी परिसराची अर्थव्यवस्था दीर्घकाळ तंबाखूवर उभी राहिली. शेतकऱ्यांनी या पिकाला न्याय्य भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये मोठे आंदोलन केले. असंख्य स्त्रियांनी विड्या वळून संसार चालवले. याच पानाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासणाऱ्या मराठी शास्त्रज्ञांमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे ही त्यांची इच्छा; कमलताईंनी मात्र जीवशास्त्राचीच वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रि. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. प्रयोगशाळेत अखंड वाढणाऱ्या ‘हेला’ या मानवी पेशी गाय यांच्याच प्रयोगशाळेतल्या.

परदेशातील संधींचा मोह न धरता त्या मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या आणि १९६०च्या दशकात तेथे देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी जगवायची तर क्षार, साखर, अमिनो आम्ले, रक्तद्रव आणि शरीराइतकीच ऊब लागते. रक्तद्रवातील वाढघटक पेशीला केवळ वाढवत नाहीत, तिचा स्वभावही पालटू शकतात. १९७६ मध्ये अमेरिकेत उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदापासून एक पेशीवंश तयार झाला. चेतावाढघटक मिळताच या पेशी विभाजन थांबवतात, चेतापेशींसारखे तंतू काढतात आणि त्यांच्या आवरणातील सोडियमचे मार्ग वाढून त्या विद्युत्‌संवेदना निर्माण करू लागतात. अर्बुदातील पेशीही बाह्य संकेतांनी वळवता येते, हा त्यातील आशेचा धागा होय.

योगायोगाने त्याच वर्षी सुपारी व तंबाखूच्या कर्कजनकतेविषयीचे प्रयोग रणदिवे आणि सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तंबाखूची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध खानोलकरांनी रुग्णांच्या पाहणीतून दाखवला होता. त्याला आता प्राण्यांवरील प्रयोगांची जोड मिळाली. स्तनकर्करोग, संप्रेरके आणि आनुवंशिकता हेही रणदिवे यांच्या अभ्यासाचे विषय होते.

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्यात अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या पानावर पोट चालते तेच पान आयुष्य पोखरते, हा सीमाभागाचा पेच त्यांच्या संशोधनाने सुटला नाही. पण तो डोळसपणे पाहण्याचा शास्त्रीय आधार मात्र त्यातून लाभला.