अ‍ॅलन ट्युरिंग : स्विच-केसचा खापरपणजोबा

फर्स्ट इयरला ‘सी’ शिकताना स्विच-केस आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतं. आठवड्याचे सात वार छापायचे आणि ब्रेक लिहायचा राहिला की सोमवारच्या मागोमाग मंगळवार, बुधवार सगळेच स्क्रीनवर हजर! पण आत्ता कुठल्या स्थितीत आहोत ते बघायचं आणि त्याप्रमाणे पुढचं पाऊल टाकायचं, ही कल्पना ‘सी’पेक्षा खूप जुनी आहे. एका तेवीस वर्षांच्या मुलाने ती कागदावर मांडली, तेव्हा आजच्यासारखा एकही कॉम्प्युटर जगात नव्हता.

अ‍ॅलनचा जन्म २३ जून १९१२ ला लंडनमध्ये झाला. वडील मद्रास प्रांतात आय.सी.एस. अधिकारी. आईवडील इकडे भारतात, आणि अ‍ॅलन व त्याचा थोरला भाऊ तिकडे इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी. म्हणजे घरापासून लांब राहणं काय असतं, हे त्याला आपल्यापेक्षा खूप लवकर कळलं. १९२६ मध्ये शेरबोर्नच्या बोर्डिंग शाळेत जायच्या दिवशी देशभर संप, ट्रेन बंद. हा पोरगा सायकलवर टांग टाकून साठेक मैल गेला! शाळेत त्याच्या गचाळ अक्षरावरून सर वैतागत. त्याचा जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉम १९३० मध्ये क्षयाने गेला. दोघांनी मिळून पाहिलेली विज्ञानाची स्वप्नं अ‍ॅलनला एकट्यालाच पुढे न्यावी लागली.

केंब्रिजला असताना १९३६ मध्ये त्याने तो प्रसिद्ध पेपर लिहिला. त्यातलं यंत्र अगदी साधं: एक लांबलचक टेप, त्यावर चौकोनी घरं, आणि नियमांचं एक टेबल. समजा, टेपवरचे १ सम आहेत की विषम ते शोधायचंय. स्थिती दोनच, सम आणि विषम. ० दिसला तर स्थिती तीच ठेवा, १ दिसला तर बदला, आणि उजवीकडे सरका. रिकामं घर आलं की थांबा. हे ‘सी’मध्ये लिहायला घेतलं तर एक व्हाइल लूप आणि आत एक स्विच, बस्स!

पण ट्युरिंगची खरी कमाल पुढे आहे. हे टेबलसुद्धा टेपवर लिहिता येईल आणि एकच यंत्र कुठलंही टेबल वाचून तसं वागू शकेल, हे त्याने दाखवलं. आज एकाच पीसीवर आपण हवा तो प्रोग्रॅम चालवतो, त्याचं मूळ इथे आहे. शिवाय, कुठलंही टेबल हातात दिलं तर ते पुढे अडकेल की नाही हे नेमकं सांगणारी एकच रीत असूच शकत नाही, हेही त्याने सिद्ध केलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश फोडायला त्याने ‘बॉम्ब’ नावाचं यंत्र डिझाइन केलं. पोलिश गणितज्ञांनी आधी केलेल्या कामाचा त्याला आधार होता. हे सगळं इतकं गुप्त की पुढे कित्येक वर्षं कुणाला पत्ताच नव्हता.

आणि याच माणसाला १९५२ मध्ये त्याच्या देशाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. गुन्हा काय, तर एका पुरुषाशी संबंध. त्याच्यापुढे दोनच केस ठेवल्या: तुरुंग, नाहीतर हार्मोनचे उपचार. त्याने उपचार घेतले. सरकारचं गुप्त कामही हातातून गेलं. ७ जून १९५४ ला, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला.

ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्याला माफ केलं, २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. मला विचाराल तर राणीच्या माफीचं काही पटत नाही. माफ करायला त्याने केलं तरी काय होतं? आपल्या वर्गात, आपल्या विंगमध्येही कुणीतरी थोडा वेगळा असतोच. त्याची टर उडवायच्या आधी अ‍ॅलन आठवला, तरी पुष्कळ झालं.