भिंतीपलीकडची घंटा

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. इंग्लंडमधील शिक्षण पुरे करून ते १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे गोऱ्या अध्यापकांपेक्षा हिंदी अध्यापकांस वेतन कमी असे. वडिलांवर कर्ज असूनही जगदीशचंद्रांनी तीन वर्षे त्या वेतनास स्पर्श केला नाही. शिकविण्यात मात्र कसूर केली नाही. अखेर सरकार नमले आणि पूर्ण वेतन थकबाकीसह त्यांच्या हाती आले.

कॉलेजातील प्रयोगशाळा नावापुरतीच होती. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिरास हाताशी धरून त्यांनी उपकरणे घडविली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांच्या अदृश्य विद्युत्-लहरी भिंती भेदून गेल्या, घंटा खणखणली आणि बंदुकीच्या दारूने पेट घेतला!

विटांना न जुमानणारी ही लहर साध्या पत्र्यापुढे मात्र थबके. मग तिला वाट देतो तरी कोण? गंधकात आणि काचेत शिरताना ती किती वळते, हे त्यांनी मोजले. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानापानांत त्यांनी कथिलाचा वर्ख घातला. ते पुस्तक एका रीतीने धरले की लहर पार होई, फिरवून धरले की अडे.

आज विमानाच्या नाकाशी असलेल्या रडारवर धातूचे टोपण चालत नाही. ते बहुधा काचेचे तंतू राळेत बसवून करतात. बोस यांनी काचेचे मोजमाप १८९७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा राइट बंधूंचे विमान उडण्यास सहा वर्षे अवकाश होता. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले.