वॉरंटीत मोजमाप आणणारा माणूस: फ्रँक मॅकिंटॉश

मागच्या महिन्यात माझ्या इयरबड्सपैकी डावा बड हळू वाजायला लागला. सर्व्हिस सेंटरवाल्याने कानात घालून बघितला, आवाज तर येतोय म्हणाला आणि जॉबकार्डवर दोष आढळला नाही असं लिहून परत दिला. बिल होतं, वॉरंटी होती. पण आवाज येणं आणि नीट येणं यातला फरक त्या वॉरंटीत कुठेच लिहिलेला नव्हता.

त्याच रागात शोधाशोध करताना मला फ्रँक मॅकिंटॉश सापडला. नाव ओळखीचं वाटतंय ना? ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर वेगळा, स्पेलिंगही वेगळं. पण उच्चार सारखा असल्यामुळे ॲपलला १९८३ मध्ये त्या नावासाठी याच्याच कंपनीकडून परवाना घ्यावा लागला होता.

फ्रँकचा जन्म १९०६ चा, अमेरिकेतल्या ओमाहाचा. बेल लॅब्जमध्ये नोकरी, दुसऱ्या महायुद्धात सरकारच्या रेडिओ-रडार विभागात काम, मग वॉशिंग्टनमध्ये सल्लागार इंजिनियर. आपल्या कामासाठी त्याला जास्त पॉवरचा आणि कमीत कमी डिस्टॉर्शनचा ॲम्प्लिफायर हवा होता. बाजारात तसा मिळेना. मग गॉर्डन गाऊ या तरुण सहकाऱ्याला घेऊन त्याने स्वतःच बनवला.

अडचण अशी होती की जास्त पॉवरसाठी दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना आवाजाच्या लहरीत खाच पडते. या दोघांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या दोन तारा शेजारी-शेजारी, एकत्रच गुंडाळल्या. खाच गेली. १९४९ मध्ये कंपनी सुरू झाली, आणि पहिला ॲम्प्लिफायर ५० वॅटचा, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत १ टक्क्याहून कमी डिस्टॉर्शनचा. १९५१ मध्ये कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला गेली ती आजही तिथेच आहे.

आता माझ्या मुद्द्याचं. या कंपनीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तीन वर्षांच्या सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचा अर्ज असायचा. त्यात नुसतं दुरुस्त करून देऊ असं लिहिलेलं नाही. यंत्राची मोजलेली कामगिरी मूळ मर्यादेत परत आणू, पार्ट्स आणि मजुरी फुकट, असं लिहिलंय. म्हणजे वाद कानाचा राहतच नाही, मीटरचा होतो. अटी मात्र कडक होत्या: अर्ज ३० दिवसांत पोस्टात पडला पाहिजे, कॉन्ट्रॅक्ट फक्त पहिल्या मालकाला, बाहेर उघडून बिघडवलं तर रद्द, पाठवण्याचा खर्च तुमचा. ओळखीच्या वाटतात ना?

त्याहून भारी म्हणजे १९६२ पासूनची ॲम्प्लिफायर क्लिनिक्स. डेव्ह ओ'ब्रायन हा त्यांचा माणूस मोजायची यंत्रं घेऊन गावोगावच्या डीलरकडे जायचा. कुठल्याही कंपनीचा ॲम्प्लिफायर घेऊन या, फुकट मोजून मिळेल, डिस्टॉर्शनचा आलेख कागदावर काढून हातात. बऱ्याच जणांना तिथेच कळलं की आपला महागडा ॲम्प्लिफायर जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळपासही नाही. ही चलाख विक्रीही होती हे उघड आहे, समोरच मॅकिंटॉशचं नवीन मॉडेल मांडलेलं असणार! पण आलेख खरा होता आणि तो गिऱ्हाइकाकडेच राहायचा. हे १९९१ पर्यंत चाललं.

फ्रँक १९७७ मध्ये निवृत्त झाला, कंपनी गाऊकडे आली. गाऊ १९८९ मध्ये गेला, फ्रँक १९९० मध्ये. त्याच वर्षी कंपनी जपानच्या क्लॅरियनने विकत घेतली.

मी काय केलं? एका फोनवरून दोन्ही बडमध्ये १,००० हर्ट्झचा मोनो टोन वाजवला, बॅलन्स मधोमध ठेवून, आणि दुसऱ्या फोनच्या माइकसमोर एकेक बड अगदी त्याच जागी धरला. फोनचा माइक काही लॅबचा नाही, पण माइक तोच असेल तर दोन बडमधला फरक समजतो. पाच वेळा मोजलं. डावा दर वेळी साधारण ७ डेसिबलने कमी. जाळी साफ करून पुन्हा मोजलं, तेवढाच. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून जॉबकार्डला स्टेपल केलीये. वॉरंटीचे अकरा दिवस उरलेत. शनिवारी परत जातोय, आणि या वेळी दोष आढळला नाही असं लिहायचं असेल तर त्यांनी काय मोजलं तेही लिहून मागणार आहे.