पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आणि शाळा न पाहिलेला डेबू

गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आठवतो. स्वच्छता अभियानाच्या फलकावर सरकारने त्यांना कायमचे उभे करून ठेवले आहे. पण चळवळीतल्या मुलामुलींनी बाबांकडे पाहावे ते त्यांच्या बालपणापासून, कारण ते बालपण आपल्या वस्त्यांमध्ये आजही घरोघर सापडते.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. त्या काळी नवसाला, लग्नाला, बारशाला बकरे कापायचे आणि सोबत दारू, अशी रीतच होती. धर्माच्या नावाने पाजलेली दारू कोण वाईट म्हणणार? घर खंगले आणि डेबू आठेक वर्षांचा असताना वडील गेले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली. मामाच्या घरी डेबूच्या वाट्याला गुरे आली. दिवसा गुरांमागे, पुढे नांगरामागे, रात्री भजनात. शाळेची पायरी त्याने चढली नाही. मामाची जमीन सावकाराने कर्जात गिळली तेव्हा कागदावर काय लिहिले आहे हे घरात कुणालाच वाचता आले नव्हते. डेबू तरुणपणी त्या सावकाराला भिडला, पण कागद सावकाराच्या हातात होता.

समजा, हा मुलगा आजच्या एखाद्या शाळेच्या पटावर असता. हजेरी अर्धी. पहिल्या तासाला डोळे मिटताहेत, गृहपाठ नाही, कुणी बोलले की एकतर गप्प, नाहीतर अंगावर जाणार. आपण अशा मुलाला काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ढ म्हणतो, मस्तीखोर म्हणतो, आणि आडून जातही काढतो. रात्री बापाने आईला मारले म्हणून घर झोपलेच नाही, किंवा आईबाप उसाच्या टोळीबरोबर गेले म्हणून पोरगी धाकट्याला सांभाळते आहे, हे हजेरीपटात कुठे लिहिले जात नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला अशी चार नावे तोंडपाठ असतील.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजी घर सोडून निघाले. मागे आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे राहिली. याचा त्यांच्या भक्तांना फार अभिमान असतो. मला मात्र इथे थोडे थांबावेसे वाटते. ज्याचे स्वतःचे लहानपण बापाविना गेले, त्यानेच आपल्या घराचा भार बायकोवर टाकला, आणि कुंताबाईंनी हलाखीत दिवस काढले. बाबांचे मोठेपण मान्य करूनही हे लिहून ठेवले पाहिजे.

पुढची पन्नास वर्षे ते गावे झाडत आणि कीर्तने करत हिंडले. त्यांच्या कीर्तनात श्रोता बहुतेक आईबापच असे. ते प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढून घेत. दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्न करू नका, देवाला कोंबडे-बकरे मारू नका. ताट मोडावे लागले तर हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असे. पाहा, दारू, कर्ज, नवस आणि शाळा हे त्यांच्यासाठी चार वेगळे विषय नव्हते. पोर शाळेत टिकायचे तर आधी घर सुधारले पाहिजे, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पण बापाची दारू एका कीर्तनाने सुटत नाही. तोवर पोराने कुठे बसायचे? या प्रश्नाचे उत्तर पंढरपुरात आहे.

पंढरपूरला बाबा वारीत येत, वाळवंट आणि रस्ते झाडत, विठ्ठलाच्या दर्शनाला मात्र जात नसत. ज्या चोखोबाची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, त्याच्या जातीच्या वारकऱ्याला गावात टेकायला जागा नव्हती. म्हणून १९१७ साली बाबांनी इथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मंदिर अस्पृश्यांना उघडले ते थेट १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. पण वारी वर्षातून मोजके दिवस भरते आणि मुलाचा अभ्यास रोज असतो. पुढे बाबांनी ही धर्मशाळा बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली आणि तिथे मुलांचे वसतिगृह झाले.

बाबासाहेबांची वाटही तीच होती. बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले वसतिगृह काढले तेही याच जिल्ह्यात, सोलापूर शहरात, जानेवारी १९२५ मध्ये. नुसती शाळा उघडून भागत नाही. दोन वेळचे जेवण, दिवा आणि भांडण नसलेली खोली लागते, हे दोघांनीही ओळखले होते. शाळेचा उंबरठा न ओलांडलेला कीर्तनकार आणि कोलंबियाचा पदवीधर एका इमारतीपाशी भेटले ते या गोष्टीवर.

आज आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे. सकाळ-संध्याकाळची वंदना झाली की अनेक ठिकाणी कुलूप लागते, आणि समोरच्याच घरात दहावीची पोरगी टीव्हीच्या आवाजात, बापाच्या शिव्यांत पुस्तक उघडून बसलेली असते. किल्ली कुणाकडे असते ते आपल्याला माहीत आहे.

बाबांचे शेवटचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत, वांद्रे पोलीस ठाण्यात झाले. महिन्याभरात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच गाडगेबाबांचा श्वास थांबला.