चार्ल्स डार्विन

चार्ल्स डार्विन हे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमध्ये श्रूजबरी या गावी झाला. ते ८ वर्षांचे असताना आई वारली. त्यांना किडे जमवायचा भारी नाद. एकदा दोन्ही हातांत दोन किडे होते. तेवढ्यात तिसरा दिसला, म्हणून एक तोंडात धरला! त्याने असा जळजळीत रस सोडला की थुंकावाच लागला. आणि तेव्हा ते लहान नव्हते, कॉलेजात होते.

वडील डॉक्टर होते. त्यांनी चार्ल्सना डॉक्टरकी शिकायला एडिनबरोला धाडले. त्या काळी भूल न देता ऑपरेशन करत. ते त्यांना बघवेना, म्हणून शिक्षण सोडले. पण तिथे जॉन एडमनस्टन नावाचे गृहस्थ होते. ते आधी गुलाम होते. मेलेले पक्षी आत भरून कसे टिकवायचे, ते चार्ल्स त्यांच्याकडून शिकले.

२७ डिसेंबर १८३१ रोजी ते बीगल जहाजातून निघाले. बोट लागून फार हाल झाले. १६ फेब्रुवारी १८३२ ला अटलांटिक महासागरात सेंट पॉल नावाचे खडक लागले. लांबून पांढरे दिसत होते. जवळ गेल्यावर कळले, ती पक्ष्यांची शीट! तिथे गवताची काडीसुद्धा नव्हती. पक्षी दोनच जातींचे, बूबी आणि नॉडी.

दोन्ही तपकिरी, मग ओळखायचे कसे? बूबी मोठा, पोट पांढरे, चोच जाड व टोकदार. तो उंचावरून पाण्यात सूर मारतो. नॉडी लहान, आपल्या सुरय पक्ष्याच्या कुळातला. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी असते. तो पाण्यावरचा मासा वरच्यावर उचलतो. बूबी उघड्या खडकावर अंडी घालतो. नॉडी समुद्रातल्या शेवाळाचे साधे घरटे करतो. घरट्यापाशी उडणारा मासा ठेवलेला असे. पक्षी जरा हलला की खेकडा तो मासा पळवी!

ते पक्षी माणसाला भीतच नव्हते. म्हणून जहाजावरच्या लोकांनी हातोडीने पुष्कळ मारले. डार्विननीसुद्धा मारले. हे मला आवडले नाही.

१८३५ साली गालापागोस बेटांवर त्यांनी लहान पक्षी जमवले, पण कोणता कुठल्या बेटावरचा ते लिहून ठेवले नाही. १८३७ साली जॉन गुल्ड यांनी त्या पक्ष्यांच्या जाती ओळखल्या. तेव्हा डार्विनना जहाजावरच्या सोबत्यांना विचारत बसावे लागले. त्यांनी मात्र बेटांची नावे लिहिली होती.

सजीव हळूहळू कसे बदलत गेले हे सांगणारे त्यांचे पुस्तक १८५९ मध्ये निघाले. १९ एप्रिल १८८२ रोजी ते वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना पुरले आहे.

इयत्ता ४ थी