मोटार कुर्ल्याला, जहाज विशाखापट्टणमला, विमान बंगळुरूला... या तिन्हींची सुरुवात करणारा सोलापूरचा माणूस!

मंडळी, मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवते ना? ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि सोशल मीडियावर तिच्या फोटोंचा पूर आला. पण ती गाडी बनायची कुठे? तर आपल्याच कुर्ल्यात! कुर्ला पश्चिमेला आजही 'प्रीमियर रोड' आहे. तो ज्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या नावाने ओळखला जातो, तिथेच पद्मिनी तयार व्हायची.

हा कारखाना सुरू करणाऱ्या माणसाने त्याआधी देशातला पहिला विमान कारखाना उभा केला होता, आधुनिक जहाजबांधणीचं आवार सुरू केलं होतं आणि इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून समुद्रात जहाजही सोडलं होतं. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी. आज जाणून घेऊया त्यांची गोष्ट.

सोलापूरचं दुकान सोडून रेल्वेची कंत्राटं

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजरातमधलं, दिगंबर जैन, पण सोलापुरात पक्कं रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद सावकारी आणि कापसाच्या व्यापारात होते. समाजसुधारणेची त्यांना आवड होती आणि 'जैन बोधक' हे मासिक त्यांनीच सुरू केलं होतं. वालचंद लहान असतानाच त्यांची आई वारली.

घरचा व्यापार तयार होता. गादीवर बसायचं आणि हिशेब बघायचे, एवढंच काम. वालचंद यांचं त्यात मन रमेना. त्यांची गाठ पडली लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकून होते. कामाची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे होती, भांडवल वालचंद यांच्याकडे. दोघांनी मिळून बार्शी लाईट रेल्वेचं छोटंसं काम घेतलं आणि 'फाटक-वालचंद' ही जोडी जमली.

पुढे कामं मोठी होत गेली. १९२० मध्ये ही कंपनी टाटांच्या बांधकाम कंपनीत सामील झाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणारी जलवाहिनी ही वालचंद यांच्या काळातली कामं. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वालचंद यांचा सुरुवातीचा पैसा इंग्रजांच्याच रेल्वेच्या आणि लष्कराच्या कामांतून आला. पण कंत्राटदार म्हणून श्रीमंत होणं आणि जहाज, विमान, मोटार बनवणं यात मोठा फरक होता. पहिल्या गोष्टीला सरकारची हरकत नव्हती. दुसरीकडे वळल्याबरोबर अडथळे सुरू झाले.

'लॉयल्टी' नावाचं जहाज

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताचा समुद्री व्यापार जवळजवळ सगळा इंग्रज कंपन्यांच्या हातात होता. तामिळनाडूत चिदंबरम पिल्लई यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढून पाहिली होती. दोनच वर्षांत ते तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली. हे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

तरीही १९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. 'सिंदिया' हे नाव ग्वाल्हेरच्या शिंद्यांवरून आलं, कारण कंपनीचं पहिलं जहाज त्यांच्याकडूनच विकत घेतलं होतं.

या जहाजाची कहाणीही भन्नाट आहे. मुळात ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचं, पॅसिफिक महासागरात प्रवासी नेणारं कॅनेडियन कंपनीचं जहाज. महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी तरंगतं रुग्णालय केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा! हेच जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी भारतीय कंपनीच्या मालकीचं म्हणून मुंबईहून इंग्लंडला निघालं. आपण दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो, तो याच सफरीची आठवण म्हणून.

पण पहिली सफर झाली म्हणजे लढाई जिंकली असं नव्हतं. इंग्रज कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली की नव्या कंपनीचं कंबरडंच मोडावं. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला तडजोड करावी लागली आणि भारताच्या किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीवर समाधान मानावं लागलं. अपमान गिळून कंपनी जिवंत ठेवायची की ताठ राहून बुडवायची, असा हा पेच होता. सिंदियाने कंपनी जिवंत ठेवली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी वारले आणि धुरा वालचंद यांच्याकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत सांभाळली.

मध्येच साखर आणि गोळ्या!

लहानपणी रावळगावच्या गोळ्या खाल्ल्यात ना? त्याही वालचंद यांच्याच! मालेगावजवळच्या रावळगावला त्यांनी माळरान घेऊन ऊस लावला आणि साखर कारखाना काढला. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळही असाच कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती जे गाव वसलं ते आजचं वालचंदनगर. पुढच्या काळात याच वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवले.

विमान कारखाना : उभा केला आणि हातातून गेला

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले होते. त्या प्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झाली. पॉली चीनमध्ये विमानं बनवण्याच्या धंद्यात होते. जे चीनमध्ये होतं ते भारतात का नाही, हा विचार वालचंद यांच्या डोक्यात पक्का बसला.

तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. म्हैसूर संस्थानने जागा आणि भांडवल दिलं, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४१ मध्ये इथे जोडलेलं पहिलं विमान तयारही झालं.

पण जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना स्वतःच्या ताब्यात घेतला. पैसे मिळाले, पण कारखाना गेला. तीच कंपनी म्हणजे आजची एचएएल, तेजस विमान बनवणारी!

जहाजाचं आवार : बॉम्ब पडले तरी थांबलं नाही

जहाज चालवणं वेगळं आणि बांधणं वेगळं. सिंदियाने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचं आवार उभारायला घेतलं. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वर्षही झालं नव्हतं तोच एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं.

शेवटी १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जल-उषा' हे आठ हजार टनांचं जहाज पाण्यात उतरलं. तेव्हा वालचंद ६५ वर्षांचे होते.

आणि मग कुर्ला...

मोटारीचा विचार खरं तर विमानाच्याही आधीचा. अभियंता विश्वेश्वरय्या अनेक वर्षं भारतात मोटार कारखाना हवा म्हणून सांगत होते. वालचंद यांनी आधी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. १९४० मध्ये क्रायस्लर कंपनी तयार झाली. पण सरकारने हात वर केले. युद्धाच्या काळात मोटार कारखान्याला मदत करण्याची त्याची तयारी नव्हती.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि कारखाना आला कुर्ल्याला. तेव्हाचं कुर्ला मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचं उपनगर होतं. एका बाजूला आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, आणि दुसऱ्या बाजूला रेल्वे. देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून धावली, ती या कुर्ल्यापर्यंतच!

१९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या क्रायस्लरच्या डॉज आणि प्लायमाऊथ होत्या. सुरुवातीला सुटे भाग परदेशातून यायचे आणि इथे जोडले जायचे. हळूहळू एकेक भाग इथेच बनू लागला. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० आली आणि तिचंच रूप बदलत १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झालं.

पद्मिनी पाहायला मात्र वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. शेवटच्या आजारपणात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. विशाखापट्टणमच्या आवाराची बहुतांश मालकी त्याआधीच, १९५२ मध्ये, स्वतंत्र भारताच्या सरकारकडे गेली होती.

जे हातातून गेलं तेच टिकलं

आता जरा हिशेब मांडून बघा. विमान कारखाना इंग्रज सरकारने घेतला, जहाजाचं आवार आपल्या सरकारने घेतलं. ही दोन्ही आजही चालू आहेत. मागे राहिले कुर्ल्याचा मोटार कारखाना आणि सिंदिया कंपनी. ती दोन्ही मात्र काळाच्या ओघात बंद पडली. कुर्ल्यात कारखान्याच्या जागेवर आता इमारती उभ्या आहेत. रावळगावच्या गोळ्यांचा ब्रँडही २०२४ मध्ये रिलायन्सकडे गेला.

म्हणून वालचंद यांचं मोठेपण त्यांच्या नावावर किती कंपन्या उरल्या यावरून मोजता येणार नाही. पारतंत्र्यात भांडवल उभं करता येत होतं, माणसंही मिळत होती. अडायचं ते परवानगीपाशी. ती मिळेपर्यंत थांबायचं नाही, पुढच्या कामाला लागायचं, ही त्यांची रीत होती. त्यामुळे देश स्वतंत्र झाला त्या दिवशी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही कामांत हात बसलेले कामगार आणि अभियंते भारतात तयार होते. ही कमाई कोणत्याच सरकारला त्यांच्याकडून विकत घेता आली नसती.

सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधला वालचंद हिराचंद मार्ग त्यांची आठवण जपून आहेत. पुढच्या वेळी कुर्ल्याच्या प्रीमियर रोडवरून जाल, तेव्हा सोबतच्या माणसाला हे नाव कुठून आलं ते नक्की सांगा.

तुमच्या घरी कधी पद्मिनी किंवा फियाट होती का? तुमच्या ओळखीचं कुणी कुर्ल्याच्या या कारखान्यात कामाला होतं का? कमेंटमध्ये जरूर सांगा आणि माहिती आवडली असेल तर मित्रमंडळींसोबत शेअर करायला विसरू नका.